दोन काळ्या पिना

तो माझ्या डोळ्यांदेखत रुळाचं तोंड फाडत होता.

जुन्या सामानाच्या दुकानात, मोडके पंखे आणि बिनकाट्यांची घड्याळं यांच्यामधे तो उकिडवा बसला होता. दोन्ही हातांत खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळाचा एकेक तुकडा, आणि दातओठ खाऊन एकाची पिन दुसऱ्याच्या नळीत कोंबणं चाललेलं. पत्र्याचा बिचारा रूळ कुरकुरला. मला राहवलं नाही.

"अहो, थांबा! तोंड फाटेल त्याचं!"

त्यानं वर पाहिलं. "तोंडाचं तुम्ही मला नका सांगू," तो म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर आहे."

"म्हणून काय, पेशंट ओरडत नाही म्हटल्यावर काहीही कराल?"

तो हसला. आणि घोटाळा झाला तो तिथेच. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या आधी बारीक व्हायचा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि डोळे बघून आजवर मला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"दोन्ही सारखेच तर दिसतात," तो तुकडे पुढे करत म्हणाला. "तीन सळया याला, तीन सळया त्याला. चाकांची रुंदीही तीच..."

"फरशीवर ठेवा शेजारी शेजारी. आता खाली वाका. अजून."

आम्ही दोघंही वाकलो. त्याच्या केसांना लवंगेचा वास येत होता.

"अरेच्चा... हा बुटका आहे!"

"हं. हा उंच रूळ, हा बुटका रूळ. उंचाची नळी जाड, पिन जाड. बुटक्याचं सगळंच बारीक. तुम्ही जाड पिन बारीक नळीत घालत होतात. आणि वळणंही वेगळी असतात. बुटक्याचं वळण फार आवळलेलं असतं, मोठं इंजिन त्यावरून सरळ खाली उतरतं."

"म्हणजे या दोघांचं जमणारच नाही?"

"जमतं ना. जोर करून नाही जमत," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, माझे कान तापले.

मग त्यानं बुटांच्या खोक्यातून एक इंजिन काढलं. हिरवं, कडांचा रंग उडालेलं, हातात घेताच वजन कळेल असं. त्याच्या आजोबांचं. "त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. आता ते नाहीत, तर... आता हात लावायची भीती वाटते. चालतं का तेही माहीत नाही."

मी इंजिन उलटं केलं. पोटाखाली गुळगुळीत झालेली छोटी फिरकी होती. "ही दिसतेय? ही मधल्या सळईवर घासत जाते आणि तिथून वीज घेते. बाहेरच्या दोन सळयांमधून ती परत जाते. तीन सळयांचं इंजिन आहे तुमचं. आमच्यातलंच."

'आमच्यातलंच' हा शब्द मी उगाच वापरला असं तेव्हाच वाटलं. पण माझ्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या आत्याला तो फारच आवडला असावा, कारण ती लगेच पुढे आली.

"रविवारी या," ती म्हणाली. "सायकलच्या दुकानावर मोठा हॉल आहे, तिथे आमचं मंडळ जमतं. जुन्या गाड्यांचं मंडळ. माणसंही जुनीच आहेत बहुतेक. ही सोडून."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, गाड्या केल्या. मी तिच्याकडेच लहानाची मोठी झाले, आणि झोप आली नाही की इतर मुलं चांदण्या मोजत असतील, मी रुळाखालचे स्लीपर मोजायचे.

तो रविवारी आला. पुढच्याही आला. येताना दात साफ करायची बारीक हत्यारं आणायचा आणि रुळांच्या नळ्यांतला वर्षानुवर्षांचा गंज इतक्या हळुवारपणे खरवडायचा की रुळांचा मला हेवा वाटे. उंच आणि बुटके रूळ जोडायची आत्याची युक्ती मी त्याला शिकवली. जाड नळीचं तोंड पकडीनं अलगद आवळायचं, त्यात बारीक पिन घालायची, आणि बुटक्याच्या खाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची म्हणजे दोघं एका उंचीवर येतात. पट्टी मी सरकवायचे, रूळ तो धरायचा. बोटाला बोट लागायचं. दोघंही "सॉरी" म्हणायचो, आणि पुढच्या जोडाला पुन्हा लागायचं.

"तुम्ही डोळे बघता, मी दात बघतो," एकदा तो म्हणाला. "मधलं नाक कोणी सांभाळायचं?"

"नाक माझं," पलीकडून आत्या म्हणाली. "तुम्ही दोघांनी ते कापलं नाहीत म्हणजे मिळवली."

एका रविवारी आजोबांचं इंजिन पहिल्यांदा चाललं. गाडीनं फेरी पूर्ण केली, पुढचा दिवा पिवळा मिणमिणत माझ्यासमोरून गेला, आणि तो टेबलाच्या त्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरच्या, वेग कमीजास्त करायच्या दांडीवर हात ठेवून, गाडीकडे नाही तर माझ्याकडे बघत होता. मी घाईघाईनं एका डब्याचं छप्पर पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

सगळं छान चाललं होतं. म्हणजे अर्थातच ती आली.

ती आर्किटेक्ट. मंडळात ती आधीपासून होती, पण आमच्या टेबलाकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. तिचं टेबल खिडकीशी, उजेडात. तिच्याकडे दोन सळयांचे रूळ, खऱ्यासारखे. लाकडाचे नखाएवढे स्लीपर, मधे खरी खडी, आणि कडेला हातानं लावलेलं गवत. माझ्या मनातलं तिचं नाव दोनरुळी. डॉक्टर यायला लागल्यापासून दोनरुळीला अचानक पत्र्याच्या रुळांमध्ये रस वाटू लागला होता.

"किती गोड आहे हे!" ती आमच्या टेबलावर वाकून म्हणाली. बोलायची ती मधात बुडवून. "पण ही मधली सळई बाई डोळ्यांत खुपते. खऱ्या रेल्वेला कधी तीन सळया पाहिल्यात का तुम्ही?"

"खऱ्या रेल्वेच्या डब्यात माणसं असतात," मी म्हणाले. "तुमच्या डब्यांत आहेत का?"

"आहेत," ती म्हणाली, आणि तिनं जाऊन डबाच आणून दाखवला. आत इवलीशी माणसं बसलेली. एकजण पेपर वाचत होता. एका बाईच्या मांडीवर मांजर होतं.

"वा!" डॉक्टर म्हणाला. "मिशा आहेत मांजराला!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मांजराला मी आजही माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून तो तिच्या टेबलाशी जायला लागला. थोडा वेळच, पण माझा जीव आमच्या टेबलावर कुठे होता? डबे पुसताना कान तिकडे. ती हसली की माझ्या हातातला स्क्रू घरंगळायचा. तो हसला की मी स्क्रू शोधायलाच जायचे नाही.

"काय एवढं आहे हो तिकडे?" एकदा मी अगदी सहज विचारलं. सहज म्हणजे, आठवडाभर घोकून.

"सुंदर काम आहे तिचं."

"असेल. पण एक सांगू? तिच्या रुळावर गाडी वळसा घालून आल्या वाटेनं परत येऊ शकत नाही. डावी सळई उजवीला जाऊन भिडते आणि शॉर्ट सर्किट होतं. मग वेगळी वायरिंग करा, बटणं लावा, नाना भानगडी. आमच्याकडे तसं नाही. मधली सळई कुठूनही वळवा, मधलीच राहते."

"म्हणजे तुमच्याकडे रुसून गेलेली गाडी परत येऊ शकते?"

"आली तर," मी म्हणाले. डावा डोळा आधी बारीक झाला, आणि मी दोन मिनिटं दोनरुळीला विसरले.

आत्याला सगळं दिसत होतं. "गाडी तीन सळयांवर चालते, दोनवर चालते, किल्लीवर पण चालते," घरी जाताना ती म्हणाली. "जळण्यावर चालत नाही गं."

"कोळशाची चालते," मी म्हणाले.

"मग काळी होशील."

अशातच त्याची गाडी बिघडायला लागली. आमचा रूळ लांबट गोल. एका टोकाला तो दांडीशी बसायचा, त्याच्या समोरच्या टोकाला माझं स्टूल. गाडी इतर सगळीकडे व्यवस्थित धावायची, आणि नेमकी माझ्या स्टुलासमोर आली की मान टाकायची. दिवा विझायचा, चाकं थांबायची. मग तो उठायचा, अख्ख्या टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी यायचा, वाकायचा, "काय झालं हिला?" म्हणायचा आणि बोटानं गाडी जराशी पुढे ढकलायचा. दिवा लागायचा, गाडी सुटायची. तो मात्र लगेच सुटायचा नाही. आज दुकानात गर्दी होती का, त्या बाईंना शेवटी कुठली फ्रेम आवडली, चहा आणू का... तोवर गाडी फेरी मारून पुन्हा तिथेच येऊन थांबायची.

मला त्याचं येणं किती आवडायचं ते काय सांगू! पण गाडी बंद पडायची त्याची लाज वाटायची. रूळ आमचे, जोड मी शिकवलेले. आणि दोनरुळी तर टपूनच होती.

"पुन्हा बंद?" तिकडून मधाळ आवाज यायचा. "डॉक्टर, जुना पत्रा तो, किती दिवस साथ देणार? इंजिन माझ्याकडे द्या. ती फिरकी काढून टाकते, नवी चाकं बसवते, मस्त दोन सळयांवर धावेल. रुंदी तीच आहे. प्रदर्शनानंतर करून देते."

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. मुलं येणार, त्यांचे आईवडील येणार. आणि तेव्हाही ही गाडी माझ्यासमोर मान टाकणार आणि दोनरुळी सगळ्यांदेखत तिला आपल्या टेबलावर घेऊन जाणार. गाडी गेली की गाडीवाला जाणारच. फिरकी एकदा कापली की ते इंजिन आमच्या रुळावर पुन्हा चालणार नव्हतं. मला दुसरं काही दिसेना.

शनिवारी दुकानातून दुपारीच सुटले आणि एकटीच हॉलवर गेले. आत्याला सर्दी झाली होती, ती घरी होती. छोटा दिवा आणि दोन वायरी घेऊन मी रूळ तपासत निघाले. एक वायर मधल्या सळईला, एक बाहेरच्या. दिवा लागला, पुढे लागला, पुढेही लागला... माझ्या स्टुलासमोरचा तुकडा आला आणि दिवा विझला.

तुकडा उपसून काढला. मधल्या सळईत लोखंडी पिनेऐवजी काळी फायबरची पिन बसलेली! या पिनेतून वीज जात नाही, रुळाचा एखादा भाग मुद्दाम तोडायचा असला की ती वापरतात. दुसरं टोक पाहिलं. तिथेही काळीच!

"एक नाही, दोन दोन!" मी रिकाम्या हॉलला म्हणाले. "लोकांचे दात तरी बरोबर बसवतो का हा माणूस?"

दोन्ही काळ्या पिना उपटल्या, जागी लोखंडी ठोकल्या, दिवा लावून पाहिला. लख्ख. घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते. आता बघू, दोनरुळी कशाला नावं ठेवते ते.

रविवारी तो आला, दांडीशी बसला. गाडी निघाली. माझ्याजवळ येताना नेहमीसारखी हळू झाली... आणि सरळ पुढे गेली. दिवासुद्धा थरथरला नाही.

त्यानं गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बिघाड काढला!" मी विजयानं ओरडले. "काल मुद्दाम येऊन काढला. आता तुम्हाला सारखं उठून इकडे यायला नको!"

"तुम्ही... काढल्यात? पिना?"

"दोन्ही. मुळापासून!"

"दोन्ही," तो म्हणाला. थोडा वेळ दांडीवरची धूळ बोटानं पुसत राहिला. "बरं केलंत."

शाबासकीचा एक शब्द नाही! त्या दिवशी तो माझ्या बाजूला फिरकलाच नाही. निघायच्या वेळी मात्र आला. खोकं छातीशी धरलेलं.

"त्या म्हणतायत, इंजिन दोन सळयांवर आणू. फिरकी काढावी लागेल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "काय करू? तुम्ही सांगा."

मी म्हणायला हवं होतं की नको. हात धरून म्हणायला हवं होतं. पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, आणि मिरच्या झोंबल्यावर माझी जीभ माझी राहत नाही.

"मला काय विचारता? इंजिन तुमचं, आजोबा तुमचे, आणि त्याही... तुमच्याच."

तो मान हलवून गेला. खिडकीपाशी त्याचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. "प्रदर्शन झालं की घेऊन जा."

बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री हातात होती, ती उघडायची असते हेही मला घरी पोहोचल्यावर आठवलं.

आत्या गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. "काय गं, रडतेस की भिजलीस?"

"दोन्ही!" मी पिशवी आपटली. "गेला. इंजिन तिला देणार आहे. एवढं मी सगळं दुरुस्त करून दिलं, तरी तिच्याकडेच!"

"काय दुरुस्त केलंस?"

मी सांगितलं. काळ्या पिना खिशातच होत्या, त्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. आत्यानं त्या उचलल्या, आणि बराच वेळ माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं ताप आलाय हिला.

"या त्यानं माझ्याकडून मागून नेल्या होत्या," ती म्हणाली. "मला म्हणाला, आत्या, गाडी एका जागी थांबवायची असेल तर काय करतात? मी म्हटलं, त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मधल्या सळईत काळी पिन घाल. मी पुढचं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती."

"म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे! एक पिन चुकून बसते. गोल रुळात एकीनं काही होतही नाही, वीज दुसऱ्या बाजूनं येते. हे तुला मी तू पाटीवर लिहायला लागायच्या आधी शिकवलंय. दोन टोकांना दोन, तीही तुझ्याच स्टुलासमोर? भरधाव आली तर गाडी तेवढा तुकडा ओलांडूनही जाते. तो तिथे आल्यावर दांडी मागे ओढायचा की नाही?"

ओढायचा. दर वेळी ओढायचा. मी दर रविवारी बघत होते.

"जगाला चष्मे विकतेस," आत्या पाय पुसत म्हणाली, "एक स्वतःला लाव."

"त्यानं सांगायचं ना मग तोंडानं!"

"दिवसभर लोकांना आ करा म्हणतो. त्याचं स्वतःचं तोंड कोण उघडणार?" तिनं पिना माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मूठ मिटवली. "त्यानं एक गोष्ट तुझ्या भाषेत सांगितली होती, बयो. तू ती उपटलीस. तीही मुळापासून."

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. एका गृहस्थाला मी दोनदा वाचायचा चष्मा घालून फळ्यावरची दूरची अक्षरं वाचायला लावली. त्याच्या दवाखान्यापर्यंत एकदा गेलेही. काचेतून वाट बघणारे पेशंट दिसले, सगळे गाल धरून. इथे आत जाऊन म्हणणार काय? गाल माझाही दुखत होता, पण तो दाखवायला जागा ही नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल उघडताच मी पहिली हजर होते. माझ्या स्टुलासमोरचा तुकडा काढला, लोखंडी पिना पकडीनं ओढल्या, काळ्या बसवल्या. दोन्ही टोकांना. घाईत एक पिन टेबलाखाली पडली आणि ती शोधायला मी गुडघ्यांवर रांगले.

मग गर्दी झाली. मुलं, त्यांच्या आया, हातात बिस्किटं, सगळीकडे चुरा. दोनरुळी निळ्या कपड्यांत, दिसत होती सुंदरच, काय खोटं बोलायचं. नव्या चाकांची डबी घेऊन ती थेट दांडीपाशी, त्याच्या शेजारी उभी राहिली. त्यानं मला लांबूनच नमस्कार केला. शेजाऱ्याला करतात तसा.

गाडी सुटली. मी माझ्या स्टुलावर जाऊन बसले.

ती भरधाव आली. आता त्याला माझ्यासमोर हळू करायचं कारणच काय होतं? काळ्या पिनांच्या तुकड्यावर दिवा क्षणभर विझला, गाडीनं गचका खाल्ला, आणि आपल्याच वेगात तो तुकडा ओलांडून निघून गेली. मुलांनी टाळ्या पिटल्या. दोनरुळी त्याच्या कानाशी काहीतरी म्हणाली, तो तिच्याकडे वळून हसला. माझ्या पोटात असा काही जाळ झाला की त्यावर खरंच एखादं इंजिन चाललं असतं.

दुसरी फेरी. पुन्हा दिवा विझला, लागला, गाडी गेली. तो बघतच नव्हता! दोनरुळी डबी उघडून त्याला चाकं दाखवत होती. मी उठून ओरडणार होते, रूळच उचलून फेकणार होते, काय करणार होते कोण जाणे. मी काहीच केलं नाही. नुसती त्याच्याकडे बघत बसले, जसं आयुष्यात कुठल्याच गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला त्यानं मान वर केली. त्याच क्षणी माझ्यासमोर दिवा विझला आणि लागला.

तो हसायचा थांबला. दोनरुळी बोलत होती, पण त्याचे डोळे गाडीबरोबर निघाले होते. गाडी वळणावरून परत फिरली, सरळ पट्टीला लागली. मी बघितलं, त्याचा हात दांडीवर गेला. दांडी हळूहळू मागे आली... अजून मागे... गाडी रांगत रांगत माझ्यापाशी आली, काळ्या तुकड्यावर चढली, दिवा विझला. आणि थांबली.

"बंद पडली!" एक मुलगी ओरडली.

"पडू दे गं," आत्या म्हणाली. कोपऱ्यातल्या छोट्या रुळावर तिनं किल्लीची गाडी काढलीच होती. "इकडे या सगळे. हिला वीज लागत नाही, काही लागत नाही. कोण किल्ली देणार?"

मुलांचा लोंढा तिकडे गेला. तो उठला. टेबलाला वळसा घालून, बिस्किटांचा चुरा तुडवत माझ्याजवळ आला आणि रुळाकडे वाकला. लवंगेचा वास आला.

"काय झालं हिला?" तो अगदी हळू म्हणाला.

"काही नाही. मी थांबवली."

"पिना..."

"दोन्ही घातल्या. सकाळी येऊन."

तो रुळाकडेच बघत होता. "तुम्ही काढल्यात तेव्हा मला वाटलं, उत्तर आलं. रूळ नुसता हातात घेऊन सांगता तुम्ही कुठला ते. तुम्हाला कळलं नाही असं होणं शक्यच नव्हतं."

"नव्हतंच कळलं!" मी म्हणाले. "तिचं ते मांजर, तुमचं ते वा वा, ती चाकं, तिचा मध... मला दुसरं काही दिसतच नव्हतं. मला वाटलं तुमची गाडी दुरुस्त केली नाही तर तुम्ही जाल. आणि मला तुम्ही जायला नको होतात. एवढंच. एवढं साधं होतं."

आता त्यानं वर पाहिलं. डावा डोळा आधी.

मागे कोणीतरी घसा साफ केला. दोनरुळी. तिनं गाडीकडे पाहिलं, माझ्या स्टुलाकडे पाहिलं, मग शांतपणे डबीचं झाकण लावलं. एवढं बारीक काम करणारी बाई ती, तिला काय सांगावं लागणार?

"फिरकी राहू द्या तशीच," ती म्हणाली. आवाजात आज मध नव्हता, नुसता आवाज होता. "चाकं दुसऱ्या कशाला तरी बसतील."

ती तिच्या खिडकीकडे गेली आणि पाठमोरी उभी राहून गवत सारखं करू लागली. ते सारखंच होतं. सारखं असलेलं पुन्हा सारखं करणं मला चांगलं माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिचा राग आला नाही. थोडा आला. पण थोडाच.

आत्याच्या कोपऱ्यात किल्लीची गाडी घरघरत होती, मुलं किंचाळत होती. आमचं इंजिन गप्प उभं होतं. तो माझ्या इतका जवळ होता की आमच्या दोघांत पुठ्ठ्याची पट्टीही गेली नसती.

"लोक बघतायत," तो म्हणाला. त्यानं सवयीनं बोट इंजिनाजवळ नेलं. "ढकलू का?"

मी त्याचं मनगट धरलं.

"ढकललीस तर बघ," मी म्हणाले.